तळाशी दिसलं पाहिजे

ही गोष्ट ऐकीव नाही. जो तिच्यातून गेला, तो माणूस माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. दिसेल ते मोजत सुटायचा, म्हणून आम्ही त्याला मीटर म्हणायचो. हसा, आत्ताच हसून घ्या.

गेल्या डिसेंबरातली अमावास्या, मंगळवार. मीटर एक रबरी बाहुली काखोटीला मारून निघाला. शाळकरी पोराएवढी. काम साधंच. पोहण्याच्या तलावात पाण्याखाली दिवे असतात ना, ते आता कमी विजेवर चालवायचे होते. पण कमी म्हणजे किती? तळाशी कुणी बुडून पडलं, तर काठावरून दिसलं पाहिजे. त्यासाठी किमान किती उजेड लागतो, तो आकडा मीटरनं ठरवायचा. मग सगळ्या तलावांना तोच नियम.

तलावावर रखवालदार होता, आणि भावजी, म्हणजे मीटरच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांच्या कारखान्याचे नवे दिवे वीज अगदी कमी खायचे, पण मंद. आकडा खाली आला तर कारखाना तरणार, नाहीतर कुलूप. नात्यातल्या माणसाला चाचणीला उभं करू नये, हे मीटरला कळत होतं. पण ताईनं फोनवर काही मागितलं नव्हतं. नुसती रडली होती.

"मेहुणे, चष्मा पुसून घ्या," भावजी म्हणाले. "तुमच्या ताईचा संसार आहे त्या काचेत."

"संसार तुम्ही बुडवायचा, आणि शोधायचा मी?"

चाचणीची रीत अशी. मीटरनं कानात कापसाचे बोळे घालून पाठमोरं उभं राहायचं. रखवालदारानं बाहुली तळाशी कुठंतरी सोडायची. एखाद्या खेपेला सोडायचीच नाही. म्हणजे बघणाऱ्याला उगाच 'दिसली' म्हणून भागत नाही.

उजेड उतरवत नेला. आधी दिसली. मग अंधुक. मग दिसेना. भावजींचा आकडा अजून बराच खाली होता.

"एक खेप माझ्या आकड्यावर," भावजी म्हणाले. चेहरा उतरला होता.

मीटर पाठमोरा झाला. मग वळला. पाणी शाईसारखं. आणि खोल कोपऱ्यात, कुशीवर... स्वच्छ.

"दिसली."

भावजींनी सुस्कारा सोडला. रखवालदार मात्र जागचा हलेना.

"साहेब... या खेपेला टाकली नव्हती."

बाहुली त्याच्या मागं बाकावर होती. पाणी निथळत.

"मनात असलं की दिसतं," भावजी हसले. "लिहून टाका, मेहुणे."

मीटरनं दिवे पूर्ण लावायला सांगितलं. तळ रिकामा. फरशी न् फरशी मोजून घ्यावी असा.

पुन्हा मंद.

होती. आता उताणी.

आणखी मंद.

काठाकडे सरकलेली.

आणखी...

"भावजी, तुम्हाला दिसत नाही?"

"कुठं काय?"

रखवालदार केव्हाच फाटकापाशी जाऊन उभा राहिला होता.

मीटरनं स्वतः जाऊन दिवे पूर्ण लावले. लिहिला तो वरचाच आकडा, बाहुली शेवटची खरी दिसली होती तो. खाली सही केली.

"घरी काय सांगू?" भावजींनी विचारलं.

"माझं नाव सांगा."

"तुम्ही व्हा पुढं. दिवे माझे आहेत. बघतो, मला काय दिसतं ते."

फाटकातून मीटरनं मागं पाहिलं. पाण्यातला उजेड उतरत होता. उतरत... उतरत... मग नुसता काळोख.

सकाळी ताईचा फोन आला. आता बोलणी खायची, अशी मीटरनं मनाची तयारी केली. पण तिचा आवाज अगदी बारीक होता.

"अरे, हे काल तलावात उतरले होते का?"

"माझ्यासमोर तरी नाही. का गं? बरे आहेत ना?"

"बरे आहेत. झोपलेत. कपडे कोरडे आहेत यांचे, केससुद्धा."

पलीकडून चादर चाचपल्याची सळसळ आली.

"गादी ओली आहे रे. यांची बाजू नाही, माझीही नाही. आमच्या दोघांच्या मधली... आणि क्लोरीनचा वास येतोय."