वेन्डेलची टपालपेटी

"टपालपेटी चोरीला गेली म्हणून कुणी गुप्तहेर लावतं का गं?" चिखलातून गाडी वळवताना बर्टने विचारलं. आयोवातला मार्च महिना, त्यात बर्टची गाडी कालच धुतलेली. त्याचा जीव नुसता तळमळत होता.

"आयव्हाने लावलाय," ऑगस्टा म्हणाली. "तू पुढे बघ."

रस्ता वेन्डेल ओस्टरमनच्या घरापाशी संपत होता. फाटकाशी लाकडी खांब ताठ उभा होता, वर पेटी नव्हती. ऑगस्टा वाकली. पेटी ज्या स्क्रूंनी धरलेली असते, ते सगळे परत जागच्या जागी पिळून बसवले होते.

"चोर मोठा नीटनेटका दिसतोय," बर्ट हसला. ऑगस्टा हसली नाही.

आयव्हाने कॉफी पुढे ठेवली. वेन्डेलबरोबर याच घरात तिचे केस पांढरे झाले होते. बुधवारी त्याची माती झाली आणि त्याच संध्याकाळी त्याचा पुतण्या क्रेग तिला म्हणाला, "कायद्याप्रमाणे कामवालीचा शेवटचा पगार देतो. महिनाअखेर घर रिकामं करा."

"कामवाली!" आयव्हा म्हणाली. "लग्नाची नोंद नव्हती, खरंय. मी विषय काढला की वेन्डेल म्हणायचा, 'कागद कशाला हवा?' चार लोकांत 'ही आयव्हा' एवढंच. 'माझी बायको' असं एकदा तरी म्हणेल, म्हणून जन्मभर कान लावून बसले हो मी."

"आपल्या राज्यात नोंद नसली तरी लग्न धरतात," ऑगस्टा म्हणाली. "पण नवरा-बायको म्हणून एकत्र राहायला हवं आणि जगाला तसं उघड सांगायला हवं. चोरून नाही चालत."

"तिथंच तर घोडं अडलंय. वकील म्हणतो, जगाला सांगितल्याचा पुरावा आणा. कुठून आणू?"

"पेटी कधी गेली?"

"शनिवारी संध्याकाळी वेन्डेल बाहेरून आला आणि इथंच कोसळला. अंधारातच त्याला अँब्युलन्सने नेलं. रविवारी गेला बिचारा. मी सोमवारी परतले, तर पेटी नाही. टपाल रोज तोच आणायचा. माझा गुडघा दुखतो ना, मला फाटकापर्यंत जाऊ द्यायचा नाही."

खुंटीवर वेन्डेलचा कोट होता. बाहीच्या कडेला पांढरा रंग लागला होता.

"कोठाराचं दार रंगवलं असेल," बर्ट म्हणाला.

"ते लाल आहे," आयव्हा म्हणाली.

रस्त्यावरचं बर्फ यंत्राने बाजूला सारणारा मर्विन नाक्यावरच भेटला. त्या यंत्राच्या पात्याने कडेच्या पेट्या कधीकधी उडतात, म्हणून ऑगस्टाने आधी त्यालाच विचारलं. "मी उडवली पेटी? कोण म्हणतं?" तो उसळला. "अहो बाई, रविवारी पडलेल्या बर्फात मांजराचे पायसुद्धा बुडले नसते. मी यंत्र बाहेरच काढलं नाही! आणि माझं पातं लागलं असतं ना, तर खांबासकट नाल्यात शोधली असतीत."

क्रेग मोटेलबाहेर आपल्या पिकअपला टेकून उभा होता. मागे अवजारांचा लोखंडी खोका, त्याला हे मोठं कुलूप.

"पेटीची चौकशी?" तो म्हणाला. "मर्विननेच उडवली असणार. काकाचं नशीबच फुटकं. पेटी पांढरीशुभ्र करून घेतली आणि लगेच गेली!"

"तुम्ही कधी आलात?"

"बुधवारी, थेट मातीला. त्याआधी वर्षभर इकडे फिरकलोसुद्धा नाही."

"माणूस सरळ वाटतो," परत येताना बर्ट म्हणाला. "आधी टपालवालीला गाठ," ऑगस्टा म्हणाली.

टपालवाली जोलीन तिच्या फेरीवर होती. "शनिवारी दुपारी मीच त्यात टपाल टाकलं की! गंजकी, करडी, वर फक्त घराचा नंबर. त्या घाणीमुळे माझे हातमोजे दरवेळी खराब व्हायचे."

"चल, क्रेगला घेऊन आयव्हाकडे," ऑगस्टा बर्टला म्हणाली. "त्याच्याच पिकअपमधून."

स्वयंपाकघरात क्रेग बसायलाही तयार नव्हता.

"शनिवारी दुपारी पेटी करडी होती," ऑगस्टा बोलू लागली. "संध्याकाळी वेन्डेल पांढऱ्या रंगाच्या बाहीने घरात आला. सोमवारी पेटी नव्हती. मधल्या वेळात जो इथे आला, त्यालाच ती पांढरी दिसली. क्रेग, तुम्ही तर म्हणे बुधवारी आलात."

क्रेगचा चेहरा उतरला.

"रविवारी इस्पितळाचा फोन आल्यावर तुम्ही आधी घर बघायला आलात. पेटी पाहिलीत आणि ती इथे राहता कामा नये, हे ओळखलंत. टपालपेटी फोडणं हा केंद्र सरकारच्या कायद्याने गुन्हा, हे तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून फोडली नाहीत, अलगद काढलीत. तुम्हाला वाटलं, स्क्रू काढून नेली की गुन्हा नाही. तोही गुन्हाच असतो. पण त्यामुळे एक बरं झालं, पेटी शाबूत आहे. इथला कचराडेपोवाला सगळ्यांना ओळखतो, तिथे टाकणार कशी? पिकअपमधल्या खोक्याची किल्ली द्या."

क्रेगने किल्ली टेबलावर टाकली. "रंगवलेल्या पत्र्यावर कुणाला घर मिळत नसतं!"

"नुसत्या पत्र्यावर नाही मिळणार," ऑगस्टा म्हणाली. "पण बाकी सगळं आयुष्य यांच्याकडे आहेच. इतकंच कमी होतं."

बर्टने पेटी आणून आयव्हासमोर ठेवली. पांढऱ्या रंगावर काळी, वेडीवाकडी अक्षरं होती: वेन्डेल आणि आयव्हा ओस्टरमन.

आयव्हाने अक्षरांवरून बोट फिरवलं.

"शेवटची अक्षरं मावली नाहीत बघा. दाटीवाटीने बसवलीत. मोजून मापून कधी काही केलं नाही याने." ती हसायला गेली आणि तिला रडू फुटलं. "सांगायचं होतं ना रे मला. एकदा सांगायचं होतंस."

बर्टने स्क्रूड्रायव्हर मागितला.

पेटी खांबावर बसली. आयव्हा काठी टेकत फाटकापर्यंत आली आणि तिने पेटीचा लाल झेंडा वर केला.

"पण आत टाकायला पत्र कुठंय?" बर्टने विचारलं. "झेंडा वर दिसला की जोलीन पत्र न्यायला थांबेल ना!"

"थांबू दे," आयव्हा म्हणाली. "थांबली म्हणजे वाचेल."