निळ्या खुर्चीच्या कव्हरात

“रेकॉर्ड बघताय की स्थळं?”

मी दचकले. हातातलं कव्हर खाली पडता पडता राहिलं.

“नाही, मघापासून बघतोय मी. उघडता, आत डोकावता, नाक मुरडता आणि परत ठेवता. काय कमी आहे हो आमच्या पोरींत?”

मागे एक उंच माणूस उभा होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, दोन्ही हात ओले, आणि फक्त कडेला बोटं लावून धरलेली एक काळीभोर रेकॉर्ड. पाण्याचे थेंब तिच्यावरून हळूहळू घरंगळत होते. बोलत माझ्याशी होता, पण लक्ष सगळं त्या थेंबांकडे.

“मी नुसतं बघतेय. मनाई आहे का?”

“छे... बघा की. नुसतं बघणाऱ्यांमुळेच तर दुकानात गर्दी दिसते.”

दुकानात आम्ही दोघंच होतो.

खरं तर हे दुकान माझ्या यादीत नव्हतंच. रस्त्यात सर आली आणि आडोसा म्हणून मी समोरच्या दारात शिरले. आत पाहिलं आणि पाऊस विसरले. लांबट, अरुंद खोली, आणि जमिनीपासून छतापर्यंत रेकॉर्डच रेकॉर्ड. डावीकडे गोड गळ्याचे जुने पॉप गायक, मधे जॅझ, अगदी मागे लोकगीतं. प्रत्येक कव्हराच्या कोपऱ्यात एक चिठ्ठी खोचलेली. मी एक वाचली.

“बाजू एक, गाणं तिसरं: ओरखड्यामुळे मधेच टिचकी वाजते. गाणारीने लक्ष दिलेलं नाही, तुम्हीही देऊ नका.”

दुसरी वाचली. “शेवटच्या गाण्यात पियानोवाला घाईत आहे. घरी कोणीतरी वाट बघत असावं.”

“हे कोण लिहितं?” मी विचारलं.

“मीच. आलेली प्रत्येक रेकॉर्ड धुतो, वाळवतो, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतो आणि मगच मांडतो. न ऐकता विकायची नाही, एवढा एकच नियम आहे दुकानाचा.”

“या सगळ्या? शेवटपर्यंत?”

“हो. तुम्ही काय करता?”

“ऐकणं मोजते,” मी म्हणाले. “इस्पितळात कान तपासते. बंद खोली, कानाला हेडफोन, बारीक आवाज सोडायचा, आणि ऐकू आला की समोरच्याने बोट वर करायचं.”

“म्हणजे आपला धंदा एकच की,” तो म्हणाला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. का कोण जाणे, मी उगाच खांद्यावर नसलेला पदर सावरला.

मी आजवर माणसांचं बोलणंही धड शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. दिवसभर कागदावर नुसते ठिपके मांडते, कुणाला किती ऐकू येतं त्याचे. आणि हा माणूस त्या तमाम अनोळखी गाणाऱ्यांचं शेवटच्या सुरापर्यंत ऐकून घेत बसला होता. मला त्या खोलीत मोठ्याने श्वास घ्यायचीसुद्धा चोरी वाटू लागली.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा गेले. त्याच्या पुढच्याही. दर वेळी जॅझच्या कप्प्यात जायचं आणि एकच अल्बम आलाय का बघायचं. कव्हरावर एक निळी खुर्ची, खुर्चीवर एक टोपी. असला तर रेकॉर्ड बाहेर काढून मधलं लेबल वाचायचं. मग उरलेला वेळ चिठ्ठ्या वाचायच्या.

“तपासनीसबाई आल्या,” तो म्हणायचा. “आज कोणाची झडती?”

“तुमच्या अक्षराची. इस्पितळातले डॉक्टर बरे.”

“मग वाचता कशाला?”

“सवय लागली...” असं म्हणून मी जीभ चावायचे आणि तो पाण्याच्या टबावर वाकून हसायचा.

सातव्या शनिवारी मात्र मला हसू येईना. सकाळीच बाबांचे कान तपासले होते. गेल्या वर्षी त्या ठिपक्यांची कागदावरची रेघ उतरत होती, या वर्षी ती उंच सुरांच्या टोकाला पार तळाला चालली होती. आधी उंच आवाज जातात. पाखरांचे, लहान मुलांचे... आणि बायकांच्या गाण्याचे. कानातलं यंत्र बोलणं ऐकवील. गाणं तसंच ऐकू येईल याची खात्री मी माझ्याच बाबांना देऊ शकत नव्हते.

“आज झडती नाही?” त्याने विचारलं.

आणि मी सगळं सांगून टाकलं. लग्नाआधी माझी आई लोकगीतांच्या एका मंडळात गायची. मंडळाने एकच अल्बम काढला, अवघ्या दोनशे प्रती. चार बायका मिळून गातात, एका गाण्यात एक कडवं आई एकटी गाते. नव्या संसारात बाबांनी संगीताच्या वाचनालयातून निळ्या खुर्चीची ती जॅझची रेकॉर्ड घरी आणली. दोघं रात्रभर तीच लावून नाचले. सकाळी कामाच्या गडबडीत बाबांनी रेकॉर्ड कव्हरात घातली आणि परत करून आले. निळ्या खुर्चीच्या कव्हरात त्यांनी चुकून आईची रेकॉर्ड घातली होती.

“अरेरे,” तो पुटपुटला.

“घोटाळा लक्षात येईपर्यंत वाचनालय बंद झालं, सगळा साठा विकला गेला. आई म्हणाली, जाऊ द्या हो, मी आहे ना घरात, हवं तेव्हा गाईन.” मी थांबले. “मी दोन वर्षांची असताना ती गेली. तिचा आवाज ऐकलेला मला आठवत नाही. आणि बाबा आजही म्हणतात, तिला मी माझ्या हाताने परत करून आलो.”

त्याने हात पुसले, पुन्हा पुसले.

“हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?”

“एका दुकानात सांगितलं होतं. तिथला दुकानदार म्हणाला, कव्हर चुकलेल्या रेकॉर्ड आम्ही फेकून देतो. मग विचारायचा धीरच झाला नाही.”

“पुढच्या शनिवारी काकांना घेऊन या,” तो एवढंच म्हणाला.

“पण...”

“या तर खरं.”

आठवडाभर मी त्याच्यावर चिडले होते. धड ‘हो’ नाही, धड ‘नाही’ नाही, ही काय रीत झाली? तरी शनिवारी बाबांना घेऊन गेलेच. इस्त्रीचा शर्ट घालून बाबा दुकानाच्या दारात उभे राहिले आणि भिंती बघतच राहिले. “बापरे,” ते हळूच म्हणाले, “एवढे आवाज.”

त्याने त्यांना स्पीकरजवळच्या खुर्चीत बसवलं आणि मला धुण्याच्या टेबलापाशी नेलं. टेबलाखाली एक खोकं होतं. त्यावर लिहिलं होतं, ‘चुकलेले’.

“कव्हर आणि रेकॉर्ड जुळली नाहीत की मी रेकॉर्ड यात ठेवतो. फेकवत नाही. तुम्ही सात शनिवार कव्हरं उघडत होतात आणि निळ्या खुर्चीतून निघालेली ती इथे, माझ्या पायाशी. माझ्या नीटनेटकेपणाने घात केला तुमचा.”

“मागच्या शनिवारी माहीत होतं तुम्हाला?”

“अंदाज होता. पण फार खराब झाली होती. वाजेल की नाही कळत नव्हतं. काकांना आशा लावायची आणि नुसती खरखर ऐकवायची... पाच वेळा धुतली.”

“एवढंच कारण?”

त्याचे कान लाल झाले. “दुसरंही होतं. ही मिळाली की तुम्ही येणार नाही.”

त्याने माझ्या हातात चिठ्ठी दिली. तेच गिचमिड अक्षर.

“बाजू दोन, गाणं चौथं. चौघींपैकी तुमची आई कोण हे लेबलावर नाही. पण दुसऱ्या कडव्याआधी एक बाई छोटासा श्वास घेते, अर्धवट हसल्यासारखा. तुम्ही भांडायला सुरुवात करण्याआधी अगदी तसाच घेता.”

त्याने सुई ठेवली. खरखर, मग ढोलकी, मग चार बायकांचा एकत्र आवाज. बाबा डोळे मिटून पुढे वाकले, एक हात स्पीकरच्या लाकडावर. पहिलं कडवं संपलं. चौघी थांबल्या.

मग तो श्वास आला.

तो माझाच होता. मी जन्मभर घेत आलेला, मला कधी न कळलेला श्वास, माझ्या जन्माआधी कोणीतरी घेऊन ठेवला होता. आणि त्यामागून एक उंच, स्वच्छ आवाज निघाला आणि वर गेला, आणखी वर गेला. मी आईला पहिल्यांदा ऐकत होते. मी तोंडावर हात धरला.

मी बाबांकडे पाहिलं. इतका उंच सूर त्यांना ऐकू येईल? मला कागदावरची ती रेघ दिसत होती.

बाबांनी डोळे न उघडता हळूच एक बोट वर केलं.

माझ्या तपासणीच्या खोलीत करतात तसंच. आवाज चढला तसं बोट थरथरलं, पण कडवं संपेपर्यंत खाली आलं नाही.

रेकॉर्ड संपली. बाबा डोळे पुसत म्हणाले, “बाळ, परत लावतोस का रे?” त्याने परत लावली. तिसऱ्यांदाही लावली. मी टेबलापाशी उभी होते आणि तो माझ्याकडे पाठ करून नळाखाली हात धूत होता. हात स्वच्छच होते.

“पुढच्या शनिवारी याल?” पाठमोराच, अगदी हळू आवाजात तो म्हणाला. “काही शोधायचं नसताना... नुसत्या माझ्यासाठी?”

पाण्याच्या आवाजात ते विरून जाईल असं त्याला वाटलं असावं. उत्तर येईना म्हणून तो शेवटी घाबरत वळला.

मी केव्हाची बोट वर करून उभी होते.