खुर्चीवर उजेड येत नाही

कार्ड रीतसर पोस्टाने आलं होतं. वर पनवेलचाच शिक्का. खाली सही नव्हती.

कमळाकर टिपणिसांनी ते दोनदा वाचलं आणि ओसरीच्या पायरीवरच बसले.

'आरोग्यभुवनात ठेवू नका. घंटेची दोरी उजव्या हाताला आहे. तांब्यातलं पाणी सकाळी भरतात, ते दुसऱ्या सकाळपर्यंत तेच. खाटेजवळ खुर्ची आहे, पण खुर्चीवर उजेड येत नाही.'

आरोग्यभुवन हे बाजारामागचं शुश्रूषागृह. टिपणीस ते परवाच पाहून आले होते. आणि ही गोष्ट त्यांनी कोणालाही सांगितली नव्हती. घरात सांगायला होती एकच व्यक्ती, आणि तिला तर मुळीच सांगायची नव्हती.

दमयंतीताई ही त्यांची थोरली बहीण. विधवा होऊन माहेरी आली त्याला चाळीस वर्षं झाली. टिपणिसांनी लग्न केलं नाही. तीस वर्षं वाचनालयात पुस्तकं दिली-घेतली आणि निवृत्त झाले. दोन वर्षांपूर्वी, छप्पन्न सालच्या दिवाळीत, ताईची उजवी बाजू अर्धांगवायूने गेली. तेव्हापासून तिला उठवणं, न्हाऊ घालणं, भरवणं सगळं टिपणीसच करत. गेल्या महिन्यात तिला उचलताना त्यांच्या जांघेत कळ आली. डॉक्टर म्हणाले, हर्निया. अठरा तारखेला मुंबईला ऑपरेशन, आणि त्यानंतर जन्मात वजन उचलायचं नाही.

म्हणजे अठराच्या आत ताईला कुठेतरी ठेवायचं होतं. कायमचं.

हे तिला कसं सांगावं ते त्यांना सुचलं नाही. तसं त्यांना कधीच काही वेळेवर सुचत नसे. त्यांनी एका चिठ्ठीवर तीन पत्ते लिहिले आणि आयुष्यभर सगळं जिथे लपवलं तिथेच ती लपवली, पुस्तकात. पुस्तक ताईच्या खाटेजवळच्या तिपाईवर होतं. चिठ्ठी पहिल्याच प्रकरणात, तिसऱ्या-चौथ्या पानाशी.

दुपारी ते पुन्हा आरोग्यभुवनात गेले. परवा त्यांनी आपल्या वहीत तिथलं सगळं टिपून आणलं होतं : डॉक्टरांची पदवी, नर्स किती, फरशी स्वच्छ, औषधांचं कपाट कुलपात. 'घंटा : आहे', असंही लिहिलं होतं.

घंटा होती. दोरी प्रत्येक खाटेच्या उजव्या बाजूला होती. तांब्यातल्या पाण्यावर धुळीचा पातळ पापुद्रा धरला होता.

कार्ड खरं बोलत होतं. टिपणिसांना भीती वाटली ती त्याचीच. आपण पाहिलं त्यापेक्षा दुसऱ्या कोणीतरी नीट पाहिलं होतं.

बुधवारी ते पळस्प्याच्या वाटेवरचं शांतिसदन पाहून आले. शुक्रवारी दुसरं कार्ड.

'शांतिसदनात अंथरुणावरून छपराशिवाय काही दिसत नाही, खिडकी फार वर आहे. स्वयंपाकघर अंगणापलीकडे, पेज थंड होऊन येते. खुर्ची नाहीच. भेटायला येणाऱ्याला दाराबाहेर बाकडं.'

टिपणीस दोन्ही कार्डं घेऊन शेजारी काळूरामदाजींकडे गेले. दाजी जुने पोलीस जमादार. मिशा अजून नोकरीत होत्या.

"निनावी पत्र?" दाजी खूश झाले. "बसा. तुम्ही गेलात हे कोणाला माहीत?"

"कोणालाच नाही."

"ताईंना?"

"नाही हो. त्यांना वाटतं मी वाचनालयात जातो. आणि त्या उठू तरी शकतात का?"

"अक्षर ओळखीचं?"

"नाही. शाळेतल्या पोरासारखं आहे. वेडंवाकडं."

दाजींनी कार्ड उजेडात धरलं. "शाई फिसकटलीय. लिहिलेल्या ओळीवरून हात घासत गेलाय. अडाण्याचं काम. आणि हे काय चिकटलंय?"

त्यांनी नखाने खरवडलं. अभ्रकाच्या कपच्यासारखा एक पारदर्शक खवला बोटावर आला.

"मासळीचा," दाजी म्हणाले. "आमचा पोस्टमन मासळीबाजारातून येतो, त्याच्या पिशवीतलं असेल. ते सोडा. फायदा कोणाचा ते बघा, साहेब. दोन घरांना नावं ठेवली. तिसरं कुठलं राहिलं?"

"मोऱ्याचं. उरणच्या धक्क्याजवळ. सोनाबाई म्हणून एक जुन्या नर्स आहेत, त्या चालवतात."

"मग झालं की! चोर सापडला." दाजींनी मिशीवरून हात फिरवला. "एवढी पुस्तकं वाचलीत, आणि हे सुचलं नाही?"

खरंच सुचलं नव्हतं. टिपणीस शरमून घरी आले. ताई भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून पडली होती. झोपली असावी. पत्ता पाहायला त्यांनी पुस्तक उघडलं, तर पहिल्या प्रकरणात चिठ्ठी नव्हती. त्यांनी पानं चाळली. ती तिसऱ्या प्रकरणाच्या सुरुवातीला सापडली.

आपणच ठेवली असेल, ते मनाशी म्हणाले. आताशा काही लक्षात राहत नाही.

सोमवारी ते उरणच्या एस.टी.त बसले. जासईला गाडी बराच वेळ थांबली. खिडकीबाहेर मिठागरांत पांढरे ढीग लागले होते. चोराला काय विचारायचं ते त्यांनी तीनदा पाठ केलं आणि मोऱ्याला उतरेपर्यंत विसरले.

चार खोल्यांचं कौलारू घर. आठ खाटा, एक रिकामी. सोनाबाई साठीच्या, पदर खोचलेल्या. त्या एका म्हातारीची कूस बदलत होत्या.

"ही कार्डं तुम्ही लिहिलीत का?" टिपणिसांनी एकदम विचारलं, आणि कान लाल झाले.

सोनाबाईंनी म्हातारीच्या पाठीशी उशी लावली, मगच कार्डं घेतली. वाचली.

"मी नाही. पण लिहिणारा भेटला तर माझ्याकडे पाठवा. त्याला पेशंट कळतो."

"तुम्ही पनवेलला शेवटच्या कधी आला होतात?"

"शिमग्याला. या सातांना सोडून जाऊ कुठे?"

"मग इथे कोणी चौकशीला आलं होतं? गेल्या काही दिवसांत?"

"चौकशी कसली!" सोनाबाई हसल्या. "शनिवारी एक कोळीण आली. टोपली दाराशी ठेवली, हातपाय धुतले आणि सरळ त्या रिकाम्या खाटेवर जाऊन आडवी झाली. मला वाटलं घेरी आली. तर म्हणते, 'थांबा वो बाय, बगू द्या.' छप्पर बघितलं, खिडकी बघितली. मग उठून ही खुर्ची खाटेजवळ ओढली, उजेड कुठे पडतो ते बघितलं आणि गेली. जाताना सुकट ठेवून गेली मूठभर."

टिपणीस त्या रिकाम्या खाटेकडे पाहत राहिले. मग इकडेतिकडे पाहून, चप्पल काढून, ते हळूच तिच्यावर आडवे झाले.

खिडकी अंथरुणाच्या उंचीला होती. पडल्यापडल्या धक्का दिसत होता, आणि मुंबईहून येणारी लाँच.

त्यांना सगळं कळलं. एक गोष्ट सोडून.

मंगळवारी सकाळी तिसरं कार्ड आलं. 'मोऱ्याला खिडकी बरोबर आहे. घंटा नाही, पण हाक ऐकू जाते. खुर्चीवर दुपारपर्यंत उजेड असतो. मोऱ्याला ठेवा.'

पाठोपाठ मागच्या दारी हाक आली. "मावरं घेता का, नाना?"

हौसा कोळीण. वीस वर्षांची वहिवाट.

"हौसाबाई, टोपली ठेवा आणि ताईंच्या खोलीत या."

"हात बरबटलेत, नाना."

"असू देत. कार्डांवर खवले चालतात, मग खोलीत का नाही?"

हौसाने पदर तोंडाला लावला. खोलीत ताई डोळे मिटून पडली होती. टिपणिसांनी तिन्ही कार्डं तिपाईवर मांडली. मग ते भिंतीकडे पाहून बोलू लागले.

"मी उभा राहून ती घरं पाहिली. कार्ड लिहिणाऱ्याने जे विचारलं, ते उभ्या माणसाच्या मनातही येत नाही. पडल्यावर काय दिसतं, पाणी किती शिळं, घंटा कुठल्या हाताला. घंटा उजवीकडे असली तर कोणाचं अडतं? ज्याचा उजवा हात चालत नाही त्याचं. शाई का फिसकटली? डाव्या हाताने लिहिताना हात ओल्या अक्षरांवरूनच पुढे सरकतो. अडाणी नाही, डाव्या हाताला नवखं माणूस. पण ते माणूस घराबाहेर पडत नाही. म्हणून बघायला दुसरं कोणीतरी हवं. ज्याला प्रत्येक घराचं मागचं दार उघडं असतं, जे स्वयंपाकघरात बसून पेज कधी निवते ते पाहू शकतं. कार्डाला खवला होता. मोऱ्याला जाऊन तर ते माणूस खाटेवर आडवंही झालं."

"मोरा माजं माहेर हाय, नाना," हौसा हळूच म्हणाली. "भावाकडं गेलेली, तवा बगून आली. ताय सांगतील ते बगायचं, येवढंच केलं आमी. नि कार्ड डब्यात टाकायचं."

"आणि पत्ते चिठ्ठीवर होते. चिठ्ठी पुस्तकात, पुस्तक हिच्या डाव्या हाताशी. चिठ्ठी जागची हलली होती. मला वाटलं, मीच विसरलो." टिपणीस खाटेकडे वळले. "ताई, उघड डोळे. तूच ना?"

दमयंतीताईने डोळे उघडले. तिची जीभ जराशी जड झाली होती, म्हणून ती सावकाश बोलत असे. बहुतेक बोलतच नसे.

"जमलं तुला," ती म्हणाली.

"तुला जायचं नाही, म्हणून तू—"

"कोण म्हणालं? तिसरं कार्ड वाच की. माझ्यापायी तुझी आतडी तुटायची का?"

"मग असं चोरून का?"

"तू चोरून शोधत होतास म्हणून. डॉक्टरांना विचारलंस, नर्सना विचारलंस. राहायचं कोणाला, कमळू?"

टिपणिसांनी तिपाईवरची कार्डं एकावर एक रचली.

"एक मात्र मला उलगडलं नाही," ते म्हणाले. "तिन्ही कार्डांत खुर्ची आहे. अंथरुणावरच्या माणसाला खुर्ची कशाला? आणि तिच्यावर उजेड कशाला?"

हौसाने कपाळावर हात मारला. "अवो नाना, आता काय म्हनू तुमाला!"

"खुर्ची तुझ्यासाठी," ताई म्हणाली. "मोऱ्याला तू येशील. आठवड्याला, नाहीतर पंधरवड्याला. उजेड नसला तर वाचून कसं दाखवशील?"

पूर्वी ते तिला रोज वाचून दाखवत. ती आजारी पडल्यावर बंद झालं. वाचायला बसलं की ती डोळे मिटून घेई. झोपली, असं समजून ते आवाज न करता एकटेच वाचत बसत. दोन वर्षं.

"मला वाटायचं, तुला झोप लागते."

"डोळे मिटूनच ऐकतात रे."

हौसा केव्हाच मागच्या दारी जाऊन टोपली उचलत होती. अठरा तारखेला नऊ दिवस होते. त्यानंतर या खोलीत कोणी असणार नव्हतं, आणि हे त्या दोघांनाही ठाऊक होतं.

टिपणिसांनी खुर्ची खिडकीच्या उजेडात ओढली. चष्मा पुसला. पुस्तक घेतलं.

"कुठून वाचू?"

"चिठ्ठी आहे तिथून," ताई म्हणाली आणि डोळे मिटले. "पहिली दोन प्रकरणं मी एका हाताने वाचली. मग हात दुखायला लागला."