आधी माझं ऐकून घ्या

हे कुणी खोटं म्हटलं तरी मला फरक पडत नाही. मी त्या खोलीत होते. बुधवार, दुपारचे तीन, मानसोपचार विभागाची दोन नंबरची खोली.

तेव्हा मी शिकाऊ डॉक्टर. मोठ्या डॉक्टरांनी छापील फॉर्म हातात दिला होता. "नवा पेशंट आला की हेच प्रश्न. दहा मिनिटांत मोकळं व्हायचं."

आठवडाभर आधी शिवणकाम करणारी एक बाई आली होती. झोप? भूक? कानात आवाज?

ती म्हणाली, "जरा सुरुवातीपासून सांगू का?"

मी मानही वर केली नाही. "फक्त हो की नाही, तेवढंच सांगा."

चार दिवसांनी तिने जीव दिला.

त्या बुधवारी सकाळी तिचा भाऊ आला. ओरडला नाही. एवढंच विचारलं, "ती काय म्हणाली होती तुम्हाला?"

मी तिचा फॉर्म काढला. त्यात नुसतं हो आणि नाही.

मोठ्या डॉक्टरांनी तिचा फॉर्म चाळला. "सगळे रकाने भरलेत ना? मग आपल्यावर काही येत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांच्यावर. त्याहून जास्त स्वतःवर.

तशीच धुमसत दुपारी खोलीत बसले. एक रिटायर्ड पोस्टमन आत आले. पण बसेनात.

"बसा ना काका."

"कुठे बसू? त्या बसल्यात की."

समोरची खुर्ची... रिकामी होती.

मी वैतागून पहिला प्रश्न वाचला. "झोप लागते का?"

खुर्चीचं रेक्झिन... दबलं. कुणी पुढे सरकून बसावं तसं.

काका हळूच म्हणाले, "मॅडम, त्या चिडल्यात. म्हणतायत, आधी माझं ऐकून घ्या. सुरुवातीपासून."

मी फॉर्म फाडला. पेन खाली ठेवलं.

"बोला. ऐकतेय मी."

पंख्याची घरघर... थांबली. पंखा मात्र फिरतच होता.

वीस मिनिटं. मला एक शब्द ऐकू आला नाही. काका मान हलवत होते. मध्येच त्यांनी डोळे पुसले.

मग घरघर परत सुरू झाली.

"काय म्हणाल्या त्या?"

"तुम्ही नाही ऐकलंत?"

"नाही. सांगा ना काका."

त्यांनी रागानं माझ्याकडे बघितलं. "मी का सांगू? तुमच्याकडेच आल्या होत्या ना त्या? दोनदा."

ते निघून गेले. परत कधी आले नाहीत.

मोठ्या डॉक्टरांशी मी त्याच दिवशी भांडले. फॉर्म कायमचा सोडला. आता नवा माणूस आला की म्हणते, "तुम्हाला हवं तिथून सांगा. घाई नाही."

सोळा वर्षं झाली.

तरी कधीकधी समोरचा माणूस बोलत असतो, त्याचे ओठ हलत असतात, आणि मला...

काहीच ऐकू येत नाही.

कान दोनदा तपासून घेतले. कानांत दोष नाही म्हणतात.