जोडीदाराची हवा

रेग्युलेटर वाजतो, असं सांगत कोणी दुकानात आला की मी आधी हसतो. पाण्याखाली जाणारा माणूस पाठीवरच्या सिलिंडरातली हवा ज्यातून तोंडाने ओढतो, तो हा रेग्युलेटर. दहांतल्या नऊ वेळा त्याच्यात वाळू निघते आणि दहाव्या वेळी मालकाची भीती. डिचोलीच्या बसस्टँडामागे मी पूर्वी गॅसच्या शेगड्या आणि वेल्डिंगचं सामान दुरुस्त करत असे. किनाऱ्यावर पर्यटकांना पाण्यात बुडवून पुन्हा वर काढायचा धंदा सुरू झाला, तसं हे कामही माझ्याकडे आलं. तुमचा रेग्युलेटर तासाभरात होईल. तोवर बसा, एक सांगतो.

खाणी बंद पडून दोन वर्षं झाली होती. कारापूरच्या पलीकडे एक मोठी खाण पाण्याने भरली होती आणि खालच्या गावाची वायंगणाची, म्हणजे उन्हाळी भाताची, शेतं त्याच पाण्यावर उभी होती. तिथला पंप तराफ्यासकट बुडाला. भात पोटरीला आलेलं, पाणी तुटलं तर हातातोंडाशी आलेला घास जाणार. पंप काढायचं काम माझ्या धाकट्या भावाने, महेशने घेतलं, कारण त्यातली अर्धीअधिक शेतं त्याच्या सासुरवाडीची. खाली जाऊन पंपाला साखळी बांधायची, मग गावची माणसं ट्रॅक्टरने ओढणार. महेश पाणबुड्या, मी काठावर दोर धरणारा.

सकाळचं स्वच्छ ऊन होतं. चारी बाजूंनी लाल पायऱ्या उतरत गेलेल्या आणि तळाशी ते पाणी. वरून हिरवं दिसायचं, ओंजळीत घेतलं की तांबडं. गंजलेल्या पत्र्याचा वास सगळीकडे. पाखरू एक नव्हतं.

गावातर्फे धाकू एकटाच आला होता, सत्तरीचा म्हातारा, हातात नारळ. आमच्याकडे कामाआधी त्या जागेच्या राखणदाराला गाऱ्हाणं घालतात. एकाने सांगायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. मी तिकडे पाठ करून सिलिंडर जोडत होतो. देवाचं देवाला, पान्याचं पान्याला, असा माझा स्वभाव.

"बा राखणदारा, पोरगो तुझ्या हद्दीत उतारता..."

"व्हय म्हाराजा."

"पाण्यात ताका एकलो सोडू नको..."

"व्हय म्हाराजा."

महेश म्हणतोय तेवढं पुरे, असं मनात म्हणून मी आपलं काम करत राहिलो.

महेश उतरला. पाणी इतकं गढूळ की हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत. बोलणं दोरातून: एक हिसका म्हणजे ठीक, तीन म्हणजे वर ओढ. थोड्याच वेळात तीन हिसके आले. काठाला लागताच त्याने तोंडातला रेग्युलेटर काढला आणि माझ्यापुढे धरला.

"दादा, ह्यो वाजता."

"कसो वाजता?"

"घोगरो. पंप गावलो, पण..." तो थांबला. "मी श्वास एकदा घेतंय, ह्यो दोनदा वाजता."

सिलिंडरचा काटा बघितला तर हवा अर्धी संपलेली. तेवढ्या वेळात महेश पावसुद्धा वापरत नसे. मी म्हटलं, भियेलंस काय रे? त्याने नुसता रेग्युलेटर माझ्या हातात दिला.

मी पायरीवर फडकं पसरलं आणि रेग्युलेटर उघडला. आत रबराचा एक पातळ पडदा असतो. माणूस हवा ओढतो तेव्हा तो आत खेचला जातो आणि हवेची वाट उघडते. सगळी करामत एवढीच. पडदा धड होता, वाळूचा कण नव्हता. तरी पडदा बदलला. महेश छातीभर पाण्यात जाऊन आला, आवाज तोच. मग सिलिंडरवर बसणारा भाग बदलला, नळी बदलली, शेवटी सिलिंडरच दुसरा लावला. आवाज होताच. मला राग येऊ लागला होता. सगळा संच माझ्या पाठीला बांधून मी स्वतः पाण्यात बुडी मारली. तिळाएवढाही आवाज नाही. दुरुस्तीची आमची रीत हीच, एकेक वस्तू बदलत जायचं. बदलायचा राहिलेला आता फक्त माझा भाऊ होता.

"पाण्यात ये," मी म्हटलं. "तोंडात धर, आणि सांगीन तेव्हा श्वास धरून ठेव."

आम्ही दोघे छातीभर पाण्यात उभे राहिलो. मी रेग्युलेटरच्या जाळीतून बोट घालून पडद्यावर हलकेच टेकवलं आणि त्याला खूण केली. त्याने श्वास धरला. त्याची छाती माझ्या कोपराला लागून होती, ती हलली नाही. आणि माझ्या बोटाखालचा पडदा आत गेला... सावकाश, पोटभर. काटा किंचित खाली आला. पाण्यातून तो घोगरा आवाज माझ्या बरगड्यांना लागला. पडदा परत आला. पुन्हा गेला.

मी महेशला दंडाला धरून बाहेर ओढलं. मला भीती वाटत होती, आणि ती लपवायला मी धाकूवर खेकसलो.

"गाऱ्हाण्यात काय सांगलास तू?"

"जां सगळे सांगतत तांच. एकलो सोडू नको म्हणान."

"कोणाक सांगलास?"

"राखणदाराक." धाकूने हात वर केला. खाणीच्या मधोमध, पाण्याच्या खूप वर, नुसत्या हवेत बोट दाखवलं. "थंय. डोंगर होतो तेव्हा थंय तेचो फातर होतो."

"आता खंय आसा?"

"डोंगर फोडून बार्जीत, बोटीत घालून न्हेलो. फातरय तेतूरच गेलो आसतलो."

"मगे तुझां आयकलां कोणी?"

म्हाताऱ्याने हात खाली घेतला. मग हळूच म्हणाला, "तुमी दोघे व्हय म्हाराजा म्हणतालास मां?"

मी महेशकडे बघितलं. त्याचा चेहरा उतरला होता. "दादा, मी तेव्हा... रेग्युलेटर तोंडात घालून बघी होतंय. माका बोलाक खंय गावतां?"

मीही तोंड उघडलं नव्हतं. मी सामान आवरायला घेतलं. गेला पंप खड्ड्यात, असं मी म्हटलं. पण महेश माझ्याहून हट्टी. योगिताच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, बापाला तो शब्द देऊन आला होता.

"साखळी तेवढी बांधूची आसा. ता काय माका धरूक नाय, वडूक नाय. नुसती हवा घेता." तो हसायचा प्रयत्न करत होता. "हवा कमी पडता, इतक्याच मां?"

त्याच्या त्या ‘इतक्याच’वर माझं डोकं चाललं. मेकॅनिकचं डोकं, दुसरं काय. एका नळावर दोन घरं भांडायला लागली की मी दुसरा नळ काढून देतो. पाणबुडे जोडीने उतरतात तेव्हा एकाच सिलिंडरला एक जादा रेग्युलेटर लावलेला असतो, गढुळात दिसावा म्हणून पिवळा. जोडीदाराची हवा संपली तर त्याने तो तोंडात धरायचा. महेश एकटाच उतरणार म्हणून मी तो लावला नव्हता. आता भरलेला मोठा सिलिंडर घेतला, महेशचा काळा रेग्युलेटर जोडला आणि त्याच्या शेजारी पिवळा.

"काळो तुझो," मी त्याला बजावलं. "पिवळ्याक हात लावू नको."

तो उतरला. पहिला हिसका आला, ठीक. पाण्यावर बुडबुड्यांच्या दोन रांगा दिसू लागल्या, हातभर अंतर ठेवून, बरोबरीने चालणाऱ्या. धाकूने तोंड फिरवलं. मी मात्र, खरं सांगतो, समाधानाने मान हलवली. महेशच्या वाट्याची हवा आता महेशलाच मिळत होती.

रांगा पंप बुडाला होता त्या बाजूला गेल्या, थांबल्या. मग एकमेकींजवळ आल्या. पाणी एकाच जागी खदखदलं आणि शांत झालं. मी दोराला हिसका दिला. उत्तर नाही. दुसरा दिला. तेव्हा तीन हिसके आले, अगदी मोजूनमापून दिल्यासारखे.

मी आणि धाकूने दोर ओढला. महेश वर आला, पायरीवर चढला, स्वतःच्या पायांनी नीट उभा राहिला. माझ्या जिवात जीव आला.

त्याच्या तोंडात पिवळा रेग्युलेटर होता.

काळा छातीवर लोंबत होता आणि वाजत होता. बिघडलेला रेग्युलेटर वाहतो तो एकसारखा, नळ सुटल्यासारखा. हा तसा नव्हता. जोराने ओढत होता, थांबत होता, पुन्हा ओढत होता. घाबरलेला माणूस ओढतो तसा. हे सगळं मला कळत होतं, पण तीस वर्षांची हाताची सवय. वाहता रेग्युलेटर दिसला की हात आधी सिलिंडरच्या चावीकडे जातो. मी चावी बंद केली.

काळ्याने एक श्वास अर्धा ओढला. पडदा आत गेला आणि तिथेच राहिला.

चावी बंद झाली की पिवळ्यातूनही हवा येत नाही. कोणीही असता तर ते रबर थुंकून टाकून धापा टाकत सुटला असता. महेश ते तसंच तोंडात धरून उभा होता. मी त्याचे पट्टे सोडले, सिलिंडर उतरवला, त्याला बसवलं. तो निवांत माझ्याकडे बघत होता. शेवटी मीच त्याच्या तोंडातून ते काढलं.

"बांधलंय साखळी," तो म्हणाला.

खरंच बांधली होती. दुपारी ट्रॅक्टरने पंप बाहेर आला आणि शेतं वाचली. नंतर धाकूला मी दोनदा म्हटलं, ज्या कोणाला बोलावलंस त्याला परत जायला सांग. तो म्हणाला, कोणाचं नाव घेऊन सांगू?

महेशने पाणबुड्याचं काम सोडलं. सासऱ्याच्या शेतावर राबतो, आल्यागेल्याशी गोड बोलतो. योगिता सुखी आहे. परवाच माझ्या बायकोला सांगत होती की हल्ली ते घोरतसुद्धा नाहीत, बाजूला माणूस झोपलाय असं कळतच नाही. बायको हसली. मी जेवण अर्धं टाकून उठलो.

काळा रेग्युलेटर मी दुकानात भिंतीला टांगला होता, कशाला न जोडता. पडदा आत ओढलेला होता, तो मी बोटाने बाहेर काढला. दुसऱ्या दिवशी बघतो तर पुन्हा आत. असं चालू राहिलं. एके दिवशी मला ते बघवेना. मी भरलेला सिलिंडर आणला, जोडला आणि चावी उघडली. बुडता माणूस वर आल्यावर घेतो, तसा श्वास त्याने घेतला. तेव्हापासून मी चावी बंद केलेली नाही. एक सिलिंडर संपत आला की शेजारी दुसरा तयार ठेवतो. गिऱ्हाइकांना वाटतं, गळतोय.

काल दुपारी महेश दुकानात आला. योगिताने दिलेली फणसाची भाजी त्याने टेबलावर ठेवली आणि काळ्याकडे बघत उभा राहिला.

"दादा," तो मायेने म्हणाला, "पुरो आता. कित्याक जिवाक लावून घेतंस? बंद कर तां."

त्याने चावीवर हात ठेवला. मी त्याचं मनगट धरलं. हात उबदार होता, अंगठ्यावर लहानपणी कोयत्याने झालेला व्रण जिथल्या तिथे. मला रडू आलं. क्षणभर वाटलं, मीच वेडा झालोय, हा माझा भाऊच आहे, करू दे बंद.

मग मी कान दिला. माझा धंदाच तो. दुकानात आम्ही दोघे उभे होतो, अगदी जवळ. श्वास दोनच ऐकू येत होते. एक माझा होता आणि दुसरा भिंतीवरच्या काळ्यातून येत होता.

त्याची बोटं अजून चावीवर होती.