सैल पडणाऱ्या तारा

करमरकर सर त्या सकाळी भाट्याच्या पुलाजवळच्या दुकानात तंगुसाचा दोरा घ्यायला गेले. दुकान मासेमारीच्या सामानाचं. सरांनी जन्मात गळ टाकला नव्हता, हे दुकानदार नितेशला ठाऊक होतं.

"सर, परवाच रीळ नेलंत की. संपलं?"

"संपलं नाही, फुकट गेलं," सर म्हणाले आणि त्यातल्या त्यात बारीक दोरा निवडून घरी आले.

पॉलिटेक्निकमधून निवृत्त झाल्यापासून श्रीपती करमरकरांना एकच नाद होता. पहिल्या महायुद्धातली दोन पंखी विमानं मापात लहान करून बनवायची. एकावर एक दोन पंख, मध्ये बारीक खांब आणि खांबांमधून तिरक्या ताणलेल्या तारा. सगळं विमान त्या तारांवर उभं. तार सैल पडली की पंख मुरगळलाच. तारांच्या जागी सर तंगूस ओवायचे.

हे विमान दोन माणसांचं होतं. टेहळणी करणारा पुढे, चालवणारा मागे. आणि ते शेवटचं होतं. काचबिंदूने सरांचा उजवा डोळा नेला होता. डाव्यात मधोमध खिडकीएवढा उजेड उरला होता, आणि तोही फार दिवस टिकणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्याआधी हे एक हातून पुरं व्हावं, एवढीच इच्छा.

पण ते होईना. सकाळी चिमट्याने ओढून, ग्लू लावून पक्की केलेली तार तिन्हीसांजेला सैल. तीही नेमकी डावीकडची, पुढच्या जागेजवळची. भाद्रपदात सरांनी दमट हवेला शिव्या घातल्या. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली, आंब्याला मोहोर आला, तरी तेच. मग त्यांनी पंखा बंद केला, मांजराला खोलीबाहेर काढलं, आणि शेवटी बायकोवर घसरले.

"पुसायला म्हणून हात लावतेस तू."

"मी त्या खोलीत केरसुणीसुद्धा नेत नाही," उमाताई म्हणाल्या. "पण अहो, संध्याकाळी तिथून एरंडेल तापवल्यासारखा वास येतो. काय उकळता तुम्ही?"

सर काही उकळत नव्हते. त्या काळच्या विमानांच्या इंजिनांत वंगण म्हणून एरंडेल घालायचे हे त्यांना माहीत होतं, पण ते बायकोला सांगावंसं वाटलं नाही.

आज नवा दोरा ओवून झाला, तेव्हा त्यांनी ठरवलं, उठायचंच नाही. दिवस कलला. बागेतली पाखरं गप्प झाली. अंधुक उजेडात डोळा कामाचा नव्हता, म्हणून त्यांनी बोटाची टोकं तारांवर हलकेच टेकवली आणि वाट पाहत राहिले. आधी वास आला. जळकट, चिकट, घशात बसणारा. मग डावा खालचा पंख किंचित दबला.

बोटाखालची तार सैल पडली. पंख वर आला, पुन्हा दबला. त्या विमानांत डावीकडूनच चढायचे, खालच्या पंखावर पाय देऊन. कुणीतरी पाय ठेवत होतं आणि मागे घेत होतं. पुन्हा ठेवत होतं.

सरांच्या मानेवर काटा आला. पण भीतीच्या वर दुसरंच काही उसळलं. इतक्या महिन्यांचा वैताग, पुन्हा पुन्हा ओवलेल्या तारा, डोळ्यासमोर दिवसेंदिवस मिटत चाललेली ती खिडकी.

"चढायचं तर चढ..." ते दात आवळून पुटपुटले. "नाहीतर जा. पण माझी तार सोड."

पंख तसाच दबलेला राहिला. बऱ्याच वेळाने लाकूड बारीकसं करकरलं, विमान चाकांवर जरा खाली बसलं, आणि बोटाखालच्या सगळ्या तारा एकदम ताठ झाल्या.

त्या पुन्हा सैल पडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नाहीत, त्यानंतरही नाहीत. वासही गेला. सरांनी झाल्या गोष्टीचा विचार करायचा नाही असं ठरवून रंग दिला, पंखांवर वर्तुळं काढली, वॉर्निश मारलं. एका लख्ख दुपारी विमान ओटीवर आणून उमाताईंच्या हातात भिंग दिलं. कुठे वॉर्निशचा ओघळ राहिला असेल तर आता तो सरांना दिसणार नव्हता.

उमाताई बराच वेळ बघत होत्या.

"सुरेख झालंय हो. आणि माणूस तर अगदी जिवंत वाटतो."

"कुठला माणूस?"

"हा काय, पुढे बसलेला. मान वळवून मागच्या रिकाम्या जागेकडे बघतोय तो."

"उमा, मी माणसं करत नाही. कधीच केली नाहीत."

त्यांनी चाचपत करंगळी पुढच्या जागेत घातली. करंगळी सरळ तळाला टेकली. आत कुणी नव्हतं. लाकूड तेवढं गार लागलं, विहिरीच्या काठासारखं.

"काही नाही इथे," ते म्हणाले.

उमाताई भिंगातून बघतच होत्या. बोलल्या तेव्हा आवाज अगदी खाली गेला होता.

"आता मान सरळ केलीन त्याने... समोर बघतोय."

वारा पडलेला होता. माडाची झावळी हलत नव्हती. तरी सगळ्या तारा बारीक गुणगुणायला लागल्या.

"मागे...?" सरांनी विचारलं. "मागे कोणी दिसतंय?"

उमाताईंनी भिंग पालथं ठेवलं, विमानावर ओटीवरचा पंचा टाकला आणि नवऱ्याला दंडाला धरून घरात नेलं.

मागच्या, चालवणाऱ्याच्या जागेवर त्यांनी कोण पाहिलं, ते त्यांनी आजतागायत सांगितलेलं नाही. सरांनी कितीदा तरी विचारलं, चिडून विचारलं, अबोला धरून पाहिला. मात्र त्या दिवसापासून रात्री त्या सरांचं मनगट घट्ट धरून झोपतात.