ओढीची दिशा

डोंबिवली एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या कंपनीत माशाच्या कातडीतून कोलॅजन काढून भाजलेल्या जखमेवर लावायचे पातळ पापुद्रे बनतात. ते यंत्राच्या दोन चिमट्यांत धरून तुटेपर्यंत ओढायचे, हे माझं काम. लोकांना यात काही गंमत वाटत नाही, मला वाटते. शेवग्याची शेंग लांबीला ओढली तर दाद देत नाही, आडवी मात्र लगेच फाटते. कोलॅजनचंही तसंच. तंतू ज्या दिशेला, ताकद त्या दिशेला.

एकोणीस नंबरची बॅच मात्र कशीही ओढली तरी तुटेना.

मी हट्टालाच पेटले. रोज सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली तुकड्याचा फोटो काढायचा आणि दुपारी माझ्यासोबत काम करणाऱ्या महेंद्रने नाणं उडवायचं. छापा आला तर उभं ओढायचं, काटा आला तर आडवं. असे अकरा दिवस गेले. अकराही वेळा, नाणं दुपारी जी दिशा सांगणार होतं, तंतू सकाळच्या फोटोतच त्या दिशेला वळून बसलेले होते.

"शिवानी, हे कुणाला बोलू नकोस," महेंद्र म्हणाला. "आपल्यालाच येड्यात काढतील."

भीती कसली, मला तर भलताच आनंद झाला होता. तो संध्याकाळपर्यंत टिकला. मग ध्यानात आलं, महिन्यापूर्वी पापड तळताना बाबांचं मनगट भाजलं, तेव्हा डॉक्टरांनी लावलेला पापुद्रा याच बॅचचा होता. सगळ्यांत मजबूत म्हणून मीच तो कौतुकाने नेऊन दिला होता.

वर्तकनगरला घरी पोचले आणि आधी त्यांचा हात ट्यूबलाइटखाली धरला. जखम छान भरली होती. नव्या गुलाबी कातडीवर पाच ताठ रेषा होत्या. चार एका बाजूने आलेल्या, एक समोरून.

कुणीतरी त्यांचं मनगट धरून ओढणार होतं.

सकाळी बाबा दूध आणायला निघाले. आज जाऊ नका म्हटलं, तर त्यांनी हसण्यावारी नेलं. दार उघडून ते चपला घालू लागले. मी धावत जाऊन त्यांचं मनगट पकडलं आणि त्यांना आत ओढलं.

माझी बोटं त्या पाच रेषांवर बरोब्बर बसली.

म्हणजे ओढणारी मीच. एवढं घाबरल्याचं मला हसू आलं.

"सोड गं आता, दुखतंय," बाबा म्हणाले.

मी सोडलं.

त्यांचा हात खाली आला नाही. तसाच वर राहिला, मनगटावरची कातडी उघड्या, रिकाम्या दाराकडे ताणलेली.